आवक क्रमांक एक्केचाळीस

आदरणीय अध्यक्ष ॲडव्होकेट प्रमोदराव कंधारकर, प्रमुख पाहुण्या आणि माजी मुख्याध्यापिका सुलभाताई, आज जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती माझी पुतणी मृण्मयी, तिचे आईवडील म्हणजे माझा धाकटा भाऊ गिरीश आणि वंदना, गौलीगुड्यापासून अंबरपेठेपर्यंतचे आपल्या मराठी मंडळाचे जुने सभासद, आणि पहिल्या रांगेत बसलेली, पुण्यामुंबईहून नव्याने आलेली संगणकवाली मंडळी, या सर्वांना वसंत हुमनाबादकराचा सादर नमस्कार.

प्रमोदरावांनी माझी ओळख करून देताना मला निःस्पृह म्हटलं, करारी म्हटलं, आणि वर पुतणीच्या शिक्षणासाठी स्वतःचा प्लॉट विकायला निघालेला त्यागी काका म्हटलं. इतकी स्तुती कानावर पडली की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. मनात येतं, यांना माझ्याकडून नक्की काय हवंय? प्रमोदराव, राग मानू नका. छत्तीस वर्षं मी कोर्टात पेशकार होतो, म्हणजे न्यायाधीशांपुढे मिसली मांडणारा माणूस. मिसल म्हणजे फाइल, हे पहिल्या रांगेसाठी सांगतो. खोटी सही, मागची तारीख घातलेला दस्त, मेलेल्या माणसाचा अंगठा, हे सगळं याच डोळ्यांनी पकडलं आहे. आमची शांता म्हणते, यांना देवाने प्रसाद दिला तरी हे आधी विचारतील, कुठल्या दुकानातून आणला?

तेव्हा सुरुवातीलाच एक हरकत नोंदवतो. माझ्या पाठीमागे पडद्यावर थर्माकोलच्या अक्षरांत त्या जगप्रसिद्ध विद्यापीठाचं नाव चिकटवलं आहे आणि खाली 'येथे प्रयाण करणाऱ्या मृण्मयीस शुभेच्छा' असं लिहिलं आहे. अक्षरं सुबक कापली आहेत, कापणाऱ्या मुलींचं कौतुक. पण ते नाव चुकीचं आहे. परवा ही मुलगी तिथे जात नाहीये. ती दुसरीकडेच जातेय. कुजबुज नको, सांगतो. चूक थर्माकोलवाल्यांची नाही. एप्रिलमध्ये ते नाव मीच मंडळाला कळवलं होतं, आणि नंतर दुरुस्त करण्याची मला हिंमत झाली नाही.

आता हे असं का झालं, ते सांगणं मला भाग आहे. गिरीश माझ्याकडे बघून मान हलवतोय, म्हणजे दादा, नक्को. पण आज मी कुणाचं ऐकणार नाही.

मृण्मयी इंटरला, म्हणजे तुमच्या बारावीला, गणितात पहिली आली होती, हे आपल्याला ठाऊक आहे. अफझलगंजच्या मोठ्या वाचनालयात बसून तिने परदेशातल्या विद्यापीठांची जाडजाड पुस्तकं चाळली, पत्ते उतरवले, अर्ज टाकले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या थोर विद्यापीठाचा होकार आला. अहो, ज्याचं नाव आमच्या किराणावाल्यालाही पाठ आहे, त्याचा होकार! पेढे मीच वाटले. जुन्या कोर्टात गेलो, बाररूममध्ये गेलो, इथे येऊन सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थालाही सांगितलं. फक्त एवढंच होतं, की ते विद्यापीठ नाव देत होतं आणि बाकी सगळं आपण द्यायचं होतं. गिरीश शाळामास्तर. त्याने आकडा वाचला आणि पाणी प्यायला.

चार दिवसांनी दुसरं पत्र आलं. अमेरिकेच्या मधल्या भागातलं एक छोटं कॉलेज. त्याचं नाव आमच्या घरात कुणालाही नीट उच्चारता येईना. ते म्हणत होते, चार वर्षांची संपूर्ण फी माफ. हवं तर वसतिगृहाच्या खर्चासाठी ग्रंथालयात काम देऊ. होकाराचा फॉर्म मागाहून पाठवतो, पंधरा मेपर्यंत सही होऊन आमच्या हाती पडला पाहिजे. नाही पडला तर जागा दुसऱ्या मुलीला.

मंडळी, मला सांगा, फुकट कोण देतं? गेली पाच वर्षं आपण बघतोच आहोत. उदारीकरण आल्यापासून जो तो उदार होऊनच दारात उभा राहतो. साबणावर बादली फुकट. बँकेचा टाय लावलेला पोरगा घरी येऊन म्हणतो, अंकल, कार्ड घ्या, कुछ नहीं लगता. सागाची झाडं लावणाऱ्या कंपनीने मलाही कागदावर चाळीस झाडं दिली होती. ती अजून कागदावरच आहेत. आणि इथे सात समुद्रांपलीकडचं कॉलेज, आपली ओळख ना पाळख, अठरा वर्षांच्या मुलीला म्हणतं, ये, चार वर्षं शीक, काही देऊ नकोस. तुम्ही असतात तर तुम्हाला शंका आली नसती? सुलभाताई मान डोलावतायत. बरं वाटलं.

मी घरात जाहीर केलं, चौकशी झाल्याशिवाय होकार नाही. मृण्मयी म्हणाली, "काका, चौकशी करा, पण जल्दी करा. पंधरा मे लक्षात ठेवा." मी म्हटलं, ठेवतो. आणि कामाला लागलो.

आता कॉलेजची चौकशी कशी करतात, हे मला कुठे माहीत होतं? आपल्याकडे चौकशी म्हणजे स्थळाची चौकशी. माझ्या दोन बहिणींची आणि तीन भाच्यांची स्थळं मी बघितली आहेत. तीच पद्धत मी इथे लावली. कॉलेजला पत्र लिहिलं. इमारत स्वतःची की भाड्याची? किती पिढ्या एकाच गावात आहात? प्रिन्सिपॉलसाहेबांना मुलंबाळं किती, आणि ती काय करतात? याआधी आमच्या बाजूची एखादी मुलगी तुमच्याकडे आली असल्यास तिच्या वडिलांचा पत्ता कळवावा. आणि शेवटी, फी माफ करण्यामागचा आपला हेतू काय? पत्र आबिड्सच्या दुकानातून फॅक्स केलं. कागद तिकडे पोचला म्हणे, आणि इकडे माझ्या हातातही राहिला. त्या यंत्रावरही माझा भरवसा बसला नाही, म्हणून त्याची एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली.

एवढ्यावर मी थांबलो नाही. आमच्या शेजारचे अप्पाराव गारू, तेलुगूतलं गारू म्हणजे आपलं जी, त्यांचे जावई शिकागोला आहेत. मी अप्पारावांना गळ घातली. म्हटलं, जावयांना सांगा, एका रविवारी गाडी काढून त्या गावी जाऊन या. पण कॉलेजात जायचं नाही. आधी कोपऱ्यावरच्या दुकानात विचारायचं, माणसं कशी आहेत. अप्पाराव हसत सुटले. म्हणाले, "वसंतराव गारू, आपकू पोरी को पढाना है या कॉलेज से शादी करना है?" पण बिचाऱ्या जावयांनी सहा तास गाडी हाकली. फोनवर सांगितलं, चारी बाजूंनी मक्याची शेतं आहेत, इमारती जुन्या आणि स्वच्छ आहेत, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस ओळख नसताना हसून नमस्कार करतो. आता हे ऐकून कुणालाही बरं वाटलं असतं. मी मात्र अस्वस्थ झालो. ओळख नसताना हसणारं अख्खं गाव?

हसा, हसा. पुढचं ऐकल्यावर हसू येणार नाही.

सत्तावीस एप्रिलला कुरिअरने उत्तर आलं. तेव्हा घरात मी एकटाच होतो. तिथल्या प्रवेश विभागाच्या एका बाईंनी माझ्या एकूण एक प्रश्नाचं उत्तर लिहिलं होतं. इमारत स्वतःची, एकशे अठरा वर्षं जुनी. प्रिन्सिपॉलना तीन मुली, थोरली डॉक्टर. मद्रासची एक मुलगी सहा वर्षांपूर्वी शिकून गेली, तिच्या वडिलांचा पत्ता सोबत. आणि हेतू? गावातल्या एका निपुत्रिक बाईंनी आपलं शेत कॉलेजला दिलं होतं, लांबून येणाऱ्या एका मुलीच्या शिक्षणासाठी. शेवटी प्रवेश विभागाच्या या बाईंनी लिहिलं होतं, ज्या घरात मुलीसाठी इतके प्रश्न विचारले जातात, त्या घरची मुलगी आमच्याकडे आली तर आनंद होईल. आणि त्यामागे होकाराचा फॉर्म.

मद्रासच्या गृहस्थांना मी फोन केला. त्यांनी पाऊण तास त्या कॉलेजचं गुणगान केलं. मी निपुत्रिक बाईंच्या वारसांचा काही दावा निघू शकतो का, यावरही विचार करून पाहिला. नाही, कुठेच काही सापडेना. मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा माझी शंका पूर्ण फिटली.

आणि शंका फिटल्यावर मी काय केलं? ते पत्र आणि तो फॉर्म मिसलीत घातला, मिसल कपाटात ठेवली आणि घरात कुणालाही काही सांगितलं नाही.

का? हेच स्वतःला विचारत मी अडीच महिने फिरतोय. तेव्हा मनाशी म्हणत होतो, अजून थोडी चौकशी बाकी आहे. खोटं. पेढे वाटून झाले होते. बाररूममध्ये लोक मला बोलावून विचारत होते, वसंतराव, ते नाव पुन्हा सांगा. छत्तीस वर्षं दुसऱ्यांची नावं पुकारणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच घरचं एक नाव पुकारायला मिळालं होतं. त्याच्या जागी मक्याच्या शेतातलं, कुणाला उच्चारताही न येणारं नाव सांगायला माझी जीभ वळेना. संशयाच्या आडून माझी हौस चालली होती. आणि ती हौस पुरवण्यासाठी मी उप्पलचा प्लॉट विकायला काढला. म्हातारपणी बांधू म्हणून मी आणि शांताने घेतलेला. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "विका. घेताना मला विचारलं होतं, तेव्हा वाटलं विकतानाही विचाराल." मी मनात म्हटलं, बायकांना त्याग कळत नाही. शांता, तू मागे बसली आहेस ना? हो, हे मी म्हटलं होतं.

आता माझी खोड बघा. घरात येणारं प्रत्येक टपाल मी आवक-जावक वहीत नोंदवतो. चाळीस वर्षांची सवय. नोंद न करता कागद ठेवला तर मला जेवण जात नाही. म्हणून पत्र लपवलं, पण त्याआधी वहीत सुवाच्य अक्षरांत नोंद केली. आवक क्रमांक एक्केचाळीस, दिनांक सत्तावीस एप्रिल, कॉलेजकडून उत्तर व होकाराचा फॉर्म, सोबत मिसल. चोरी करून तिची पावती फाडणारा चोर तुम्ही पाहिला आहे का? आज पाहून घ्या.

रोज संध्याकाळी मृण्मयी वाचनालयातून यायची, चप्पल काढायची आणि विचारायची, "काका, काही आलं का?" मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचो, "नाही बेटा. आणि जे कॉलेज साध्या पत्राला उत्तर देत नाही, ते पुढे काय सांभाळणार?" ती बरं म्हणून आत जायची. गिरीश तर लहानपणापासून माझ्या शब्दाबाहेर नाही.

पंधरा मे उलटला. सोळाला सकाळी मला, खरं सांगतो, हलकं वाटलं. मिसल उघडून पाहिली, फॉर्म जागेवर होता, कोरा. मी प्लॉटचं गिऱ्हाईक हिम्मतराव यांना बोलावून घेतलं. ते आज सभेत आहेत, साक्षीला हजर आहेत म्हणा. बयाण्याचे कागद टेबलावर मांडले, शांताने चहा आणला, मी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात मृण्मयी बाहेर आली. हातात माझीच आवक-जावक वही.

"काका, सही करण्याआधी एक नोंद बघा. एक्केचाळीस नंबर."

मी म्हटलं, "तो फॉर्म मिसलीतच आहे." म्हणजे पाहा, कुणी विचारायच्या आधी आरोपीनेच माल कुठे आहे ते सांगितलं.

ती म्हणाली, "मिसलीत झेरॉक्स आहे. अस्सल फॉर्म चार मेला कुरिअरने गेला. बाबांची सही घेऊन."

मी मिसल पुन्हा उघडली. पत्र अस्सल होतं, हिरव्या शीर्षकाचं. त्यामागचा फॉर्म झेरॉक्स होता. प्रकाशात धरला तेव्हा कळलं. लोकांच्या खोट्या दस्तांवर छत्तीस वर्षं बोट ठेवणारा मी, माझ्याच कपाटातला कागद बदललेला मला दिसला नव्हता. तिने दुसरा लिफाफा पुढे केला. कॉलेजने जागा पक्की झाल्याचं कळवलं होतं, व्हिसाचे कागद मागाहून येत होते. हा लिफाफा वहीत नव्हता. तो तिने परस्पर घेतला होता.

गिरीश दारात उभा होता. खाली बघत म्हणाला, "दादा, सही मी केली."

मग माझा आवाज चढला. ज्याची चूक असते त्याचाच आवाज चढतो, हे मी कोर्टात पुष्कळ पाहिलं आहे. मी ओरडलो, "परमुलखातल्या माणसांवर एवढा भरवसा? घरात मी असताना? तुला एकदाही संशय आला नाही?"

"आला ना, काका."

"कुणाचा?"

"तुमचा."

हिम्मतरावांनी चहा अर्धा टाकला आणि म्हणाले, वसंतराव, पुन्हा कधीतरी येतो. शांताने प्लॉटचे कागद गोळा केले आणि आपल्या कपाटात ठेवले. ती किल्ली तेव्हापासून तिच्याकडेच असते, आणि ते योग्यच आहे.

त्या दिवशी मी जेवलो नाही. दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली, तेव्हा मी हिशेब लावला. फॉर्म चारला गेला, म्हणजे तिला नोंद त्याआधीच सापडली होती. मग चार मेपासून पंधरा मेपर्यंत, बारा संध्याकाळी, उत्तर माहीत असूनही ती मला रोज का विचारत होती, काही आलं का म्हणून? मी विचारलं. मला वाटलं, ती म्हणेल, तुम्हाला पकडायचं होतं. मी असतो तर त्यासाठीच विचारलं असतं.

ती म्हणाली, "वाटायचं, आज द्याल."

मंडळी, कोर्टात मी फाशीच्या शिक्षा ऐकल्या आहेत. असं ऐकलं नव्हतं.

असो. सुलभाताईंनी हिला गणिताची गोडी लावली, त्यांचे आभार. अप्पारावांच्या जावयांच्या पेट्रोलचे आणि रविवारचे आभार. गिरीश, तू आयुष्यात एकदाच माझ्या पाठीमागे काही केलंस आणि नेमकं तेच बरोबर केलंस, तुझेही आभार. मंडळाने हा समारंभ ठेवला, चहाफराळ ठेवला, ध्वनिक्षेपकवाल्याने मला मध्येच बंद पाडलं नाही, त्याबद्दलही मी ऋणी आहे. आणि ज्या कॉलेजची मी इतकी झडती घेतली, त्याचं नाव आता स्वच्छ उच्चारून सांगायला हवं होतं. ते मृण्मयी आपल्या भाषणात सांगेल. ते नाव पुकारायचा मान तिचा आहे, माझा नाही.

आता शेवट. वक्त्याने शेवटी चूकभुलीची क्षमा मागायची, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. चाळीस वर्षांत या मंचावरून मी ती कितीतरी वेळा मागितली, आणि एकदाही मनापासून मागितली नाही, कारण माझं काही चुकलं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. भाषण लांबलं, ते आपण सर्वांनी पोटात घालावं. आणि मृण्मयी, सगळं माहीत असूनही तू बारा वेळा विचारलंस, बारा वेळा मी तुझ्याशी खोटं बोललो. तेही तुझ्या भल्यासाठी असं सांगून. या सगळ्या लोकांसमोर मी तुझी माफी मागतो.

उत्तर आत्ता देऊ नकोस, पोरी. इथे सगळ्यांच्या देखत लगेच माफ केलंस, तर मला संशय येईल. तिकडे जा, शीक, आणि खरंच वाटेल तेव्हा कर.

नमस्कार.